उंची आणि उचल

मुलांसाठी निघणाऱ्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक पान हमखास असते. डाव्या बाजूला देशातल्या मोठमोठ्या शहरांची नावे, उजव्या बाजूला त्या त्या शहरातली सर्वांत उंच इमारत, आणि पुढे मीटर व मजले. सर्वांत लांब नदी, सर्वांत मोठे धरण, सर्वांत उंच शिखर यांच्या पंक्तीलाच हे पान बसवलेले असते. जणू इमारतीही डोंगरांसारख्या आपोआप वर आल्या असाव्यात! या पानात बीडचे नाव नाही, आणि इतक्यात ते येईल असेही दिसत नाही. बालाघाटाच्या पायथ्याशी हे गाव बिळात बसल्यासारखे बसले आहे म्हणून त्याचे नाव बीड, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, मांजरसुंब्याचा घाट उतरताना खालचे शहर पाहिले की ती पटते. अशा बिळातल्या माणसाने उंच इमारतींविषयी लिहावे याची वाचकांना गंमत वाटेल. पण माझा अनुभव असा की उंचीचा विचार खाली उभे राहूनच करावा लागतो. वर पोहोचलेल्याला उंची दिसत नाही, त्याला इतरांची छपरे दिसतात.

या मोजदादीचे शास्त्र मोठे मजेचे आहे. उंच इमारतींचा हिशेब ठेवणारे एक जागतिक मंडळ आहे आणि त्याचे नियम सोवळ्याओवळ्याइतकेच काटेकोर आहेत. उंचीचा निदान निम्मा भाग माणसांना वापरता येईल अशा मजल्यांचा असला पाहिजे. नसेल तर ती इमारत नव्हे, नुसता मनोरा. टोकावरचा सुळका मूळ रचनेचाच भाग असेल तर तो उंचीत धरायचा. ध्वनिक्षेपणासाठी वर बसवलेला खांब असेल तर धरायचा नाही. म्हणजे फेट्याचा तुरा मोजायचा, पण डोक्यावरचे ओझे मोजायचे नाही. याच मंडळाने २०१३ मध्ये एक निराळा हिशेब मांडला. इमारतीतला सर्वांत वरचा वापरातला मजला आणि तिचे टोक यांत अंतर किती? २०१० मध्ये पुऱ्या झालेल्या दुबईच्या बुर्ज खलिफाची उंची ८२८ मीटर. त्यांतले वरचे २४४ मीटर कोणाच्याही वापराचे नाहीत. जिच्यात कोणी राहत नाही अशी एक आख्खी गगनचुंबी इमारत दुसऱ्या इमारतीच्या डोक्यावर ठेवली आहे! न्यूयॉर्कची ३८१ मीटरची एम्पायर स्टेट इमारत १९३१ मध्ये, ऐन मंदीत उभी राहिली. पुढे कित्येक वर्षे तिच्यातल्या जागांना भाडेकरू मिळेनात. तेव्हा तिथल्या लोकांनी नावाची थोडी मोडतोड करून तिला 'एम्प्टी स्टेट' म्हणायला सुरुवात केली. एम्प्टी म्हणजे रिकामी.

आपण हसण्याची घाई मात्र करू नये. आपल्या देवळांच्या शिखरांत तरी कोण राहते? दौलताबादचा चांदमिनार सुमारे २१० फूट उंच आहे. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानाने तो उभारला, तो काही राहायला जागा कमी पडली म्हणून नव्हे. आणि हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपणही दारात आकाशकंदील टांगण्याच्या खटपटीत असाल. तो आढ्याला बांधून भागत नाही. वेळूची काठी आणायची, ती गच्चीच्या कठड्याला बांधायची, आणि शेजारच्या कंदिलापेक्षा आपला दोन हात तरी वर गेला पाहिजे हे पाहायचे. पोरे याच्यावरून भांडतात आणि बाप मंडळी त्या भांडणात छुपा रस घेतात. उंचीची हौस ही काही शेठ-सावकारांनी आणि सुलतानांनी आपल्यावर लादलेली नाही. ती माणसाच्या मूळ हौसांपैकी एक आहे. म्हणून 'माणसाने उंच बांधावे की नाही' हा प्रश्न मला फारसा खरा वाटत नाही. तो बांधणारच. खरा प्रश्न असा की, एखादी वस्तू वर जाते तेव्हा ती कोणाच्या बळावर जाते, आणि वर गेल्यावर खालच्याला तिचे काय मिळते?

हा प्रश्न हातात घेऊन मी आमच्या जिल्ह्यातल्या उंच गोष्टींकडे पाहू लागतो तेव्हा पहिली दिसते ती परळीची चिमणी. औष्णिक वीज केंद्राच्या या चिमण्यांइतके उंच दुसरे काही बीड जिल्ह्यात माझ्या पाहण्यात नाही. वैजनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्याला देवळाचे शिखर दिसण्याच्या कितीतरी आधी चिमणी दिसते. जागतिक मंडळाच्या नियमाने ती इमारत ठरत नाही, कारण तिच्यात एकही मजला नाही. पण ती उंच का, हे कळले की तिच्याविषयी आदर आणि धास्ती एकदमच वाटू लागते. दगडी कोळसा जाळला की धूर, राख आणि गंधकाचे वायू निघणारच. ते जवळच सोडले तर जवळची माणसे गुदमरतील. म्हणून ते इतक्या वर नेऊन सोडायचे की वाऱ्याने दूर पसरावेत आणि विरळ व्हावेत. २०० ते ५०० मेगावॉटच्या संचाला चिमणी २२० मीटर उंच असावी असा आपल्याकडे नियमच होता. चिमणीची उंची म्हणजे घाण दूर नेऊन टाकण्याची सोय. घाण नाहीशी होत नाही, ती फक्त अधिक लोकांत थोडी थोडी वाटली जाते. शहाणपणाची गोष्ट आहे, नाकारता येत नाही. पण जगातल्या पुष्कळ उंच जागांचे काम असेच चालते, हे पाहून मन जरा खट्टू होते.

परळीला १९७१ मध्ये तीस मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. मागून मोठे संच आले आणि तिथली वीज तारांच्या जाळ्यातून राज्यभर जाऊ लागली. या विजेला पाणी लागते, आणि बीडकडे नेमके तेच नाही. २०१५ मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. त्या वेळी धूर न सोडणारी ती चिमणी पाहिली की रिकाम्या घागरीसारखी वाटे.

परळीच्या आधी, विजेच्या आधी, आमच्याकडे उंची म्हटली की गढी. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मुंबईच्या वाचकांना गढी हा शब्द ठाऊक असेल, पण मराठवाड्यातली गढी पाहिल्याशिवाय तिची कल्पना येत नाही. गावाच्या मध्यभागी किंवा एका कडेला मातीचा प्रचंड उंचवटा, भोवती जाड तट, कोपऱ्यांना बुरूज, आणि वर देशमुखाचा किंवा पाटलाचा वाडा. ही माती पांढरी. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी, ही आमच्या भाषेतलीच वाटणी आहे. गावाला 'पांढरी' म्हणतात ते त्यावरून. पांढरी माती चिकट, दाबून बसवली की दगडासारखी होते आणि पावसाला बराच काळ दाद देत नाही. लुटारूंच्या आणि दंग्याधोप्याच्या काळात गढीचा उपयोग होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. धूळ उडवीत येणारी स्वारी बुरुजावरच्या पहारेकऱ्याला आधी दिसे, गावातली बायकापोरे आत घेतली जात, आणि दिंडी दरवाजा बंद होई. तेवढ्यापुरती गढी सगळ्या गावाची असे.

पण ती माती तिथे आपल्या पायांनी चढली नव्हती. टोपल्या डोक्यावर घेऊन ती चढवणारे लोक होते, आणि त्यांतल्या पुष्कळांना त्याबद्दल काही मिळत नव्हते. वेठ हा शब्द आमच्या भागात फार अलीकडेपर्यंत जिवंत होता. आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात. ते राज्य १९४८ च्या सप्टेंबरात संपले. वेठ पाहिलेली माणसे माझ्या लहानपणी गावात होती आणि 'वाड्यावर बोलावलंय' एवढ्या निरोपाने त्यांचे चेहरे कसे होत, ते मला आठवते. गढीच्या सज्जातून देशमुखाला सगळे गाव दिसे. गावातल्या कोणालाही त्याचे अंगण दिसत नसे. उंचीचा हा गुण बुरुजाइतकाच जुना आहे: वरच्याने पाहायचे आणि खालच्याने पाहून घ्यायचे.

गढ्या पुढे पडल्या. वारस शहरांत गेले, तटांना भेगा गेल्या, निवडुंग माजला. मग एक गोष्ट घडली, तिच्यावर कोणी फारसे लिहिलेले मी वाचलेले नाही. आमच्याकडची जुनी घरे धाब्याची. लाकडाच्या सरांवर पाचट किंवा पालापाचोळा आणि त्यावर मातीचा जाड थर. दर एक-दोन वर्षांनी, पावसाळ्यापूर्वी, धाब्यावर नवी पांढरी माती टाकावी लागते, नाहीतर घर गळते. ही माती आणायची कोठून? लोकांनी कुदळी घेतल्या आणि गढी खणायला सुरुवात केली. ज्यांच्या आज्यांनी टोपल्यांनी माती वर नेली त्यांच्या नातवांनी ती गाढवांवर आणि बैलगाड्यांत घालून खाली आणली. कित्येक गावांत आज गढीचा नुसता खोंगा उरला आहे, एखादा बुरूज दातासारखा उभा आहे, आणि गढीची बाकीची उंची घराघरांच्या धाब्यांवर सारखी पसरली आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना याचे दुःख होते, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे; एकदा खणलेली गढी पुन्हा येत नाही. तरीही जूनच्या पहिल्या पावसात न गळणाऱ्या घरात बसून मला त्या दुःखात पुरते सामील होता आलेले नाही.

आता मुंबईकडे वळले पाहिजे, कारण सामान्यज्ञानाच्या त्या पानात महाराष्ट्राचे नाव तिच्यामुळे येते. आणि आमच्या गावचा तिच्याशी संबंध नाही असेही नाही. गावातला एक गवंडी गेली पंधरा-सोळा वर्षे मुंबईत उंच इमारतींच्या कामावर आहे. सणाला आला की माझ्या ओट्यावर येऊन बसतो. एकदा मी त्याला विचारले, "अरे, इतक्या वर काम करताना भीती नाही वाटत?" तो म्हणाला, "भ्या वाटतं ते पहिल्या सात-आठ मजल्यापस्तोर, गुरुजी. तिथून खालचं मानूस वळखू येतं ना! पडलो तर कुनाम्होरं पडल, ते दिसतं. लई वर गेलं की खाली मानसंच ऱ्हात नाहीत, नुसते ठिपके दिसतेत. मंग भ्या वाटत नाही." भीती जाण्याचे हे कारण ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. खालचा माणूस ओळखू येईनासा झाला की भीती जाते, तसे भीतीबरोबर आणखीही काही जात असेल काय? तो बिचारा मजुरीसाठी वर चढलेला, संध्याकाळी बांबूच्या शिडीने आणि सामानाच्या पाळण्याने खाली येणारा. ज्यांचा मुक्कामच तिथे, त्यांच्याविषयी तो काही बोलला नाही आणि मीही विचारले नाही.

लोअर परळची वर्ल्ड वन ही २८० मीटरची इमारत श्रीनिवास मिलच्या जागेवर उभी आहे. तिचा मूळ बेत ४४२ मीटरचा होता. विमानांच्या वाटेची अडचण आली आणि तो आवरावा लागला. वरळीची पॅले रॉयाल ३२० मीटरची. ती श्रीराम मिलच्या जागेवर. दोन्ही ठिकाणी पूर्वी चिमण्या होत्या, परळीच्या चिमणीच्या मानाने ठेंगण्या. त्यांच्याखाली कोकणातली, घाटावरची माणसे पाळ्यांनी राबत आणि भोंग्यावर त्यांची घड्याळे लागत. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली, आणि त्यांतली बहुतेक पुन्हा कधीच आत गेली नाहीत. जमीन तिथेच राहिली, उंची बदलली. मला टोलेजंग इमारतींचा द्वेष नाही. बेटावर वसलेल्या शहराने आडवे कोठे जायचे? समुद्रात भर घालण्यापेक्षा उभे जाणे बरे. पण उभे जाण्याने जी जागा वाचते ती कोणाला मिळते, हा प्रश्न विचारल्यावाचून उंचीचे कौतुक करू नये असे मला वाटते.

मुंबईतच एक जुनी उंच वास्तू आहे, तिच्याकडे पाहिले की हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटलेला दिसतो. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. उंची २८० फूट. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या बड्या व्यापाऱ्याने पैसे दिले आणि आपल्या आईचे नाव त्याला लावले. आई जैन, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम, आणि डोळ्यांनी अधू. तिला वेळ कळावी म्हणून घंटा, अशी कथा सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी एवढे खरे की मनोऱ्याच्या चारही अंगांना घड्याळ आहे आणि ते वाचायला वर जावे लागत नाही. मैदानात क्रिकेट खेळणारा पोरगा, कचेरीला उशीर झालेला कारकून, फुटपाथवर झोपलेला हमाल, सगळ्यांना ते फुकट वेळ सांगते. ते वर आहे ते खालच्यांना दिसावे म्हणून. देवळापुढच्या दीपमाळेचेही तसेच. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ पेटते तेव्हा वरच्या पणतीचा उजेड तिच्या स्वतःच्या पायाशी फारसा पडत नाही. तो तीन कोसांवरच्या वाटसरूसाठी असतो.

या दोन्ही प्रकारच्या बांधकामांची गोष्ट एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायची असेल तर तीही आमच्याच मुलखात आहे. मुर्तजा निजामशहाच्या दरबारात सलाबतखान नावाचा मोठा सरदार होता. बीडची जहागीर त्याच्याकडे होती. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने बीडजवळ एक विहीर बांधविली. ती राजा भास्कर नावाच्या स्थपतीने बांधली असे सांगतात. हीच खजाना विहीर. हिला तीन बोगदे आहेत. दोहोंतून पाणी विहिरीत येते आणि तिसऱ्यातून ते जमिनीच्या उताराने शेतांकडे जाते. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही; फक्त उतार. भोवतीच्या टेकड्यांत मुरलेले पाणी वाट दाखवून बाहेर काढले आहे. चारशेहून अधिक वर्षे झाली, किती दुष्काळ आले, आणि कोरड्या सालातही खजान्यात पाणी पाहिलेली माणसे आमच्याकडे आहेत. बाहेरून पाहाल तर काहीच नाही. रस्त्याने जाणाऱ्याला ती दिसतही नाही. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात 'सर्वांत खोल उपकार' असे पान नसते.

याच सलाबतखानाची कबर पाहायची तर पाथर्डीहून अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या वाटेला लागावे. एका उंच डोंगराच्या माथ्यावर अष्टकोनी, तीन मजली, कमानीदार इमारत आहे. कित्येक मैलांवरून ती दिसते. ती सात मजली करायची होती, म्हणजे वरून दौलताबाद दिसले असते, अशीही दंतकथा आहे. आता गंमत पाहा. त्या मुलखातल्या कोणालाही विचारा, हे काय आहे? तो सांगेल, चांदबिबीचा महाल! चांदबिबीचा त्या इमारतीशी काही संबंध नाही. पण ज्याने आपले नाव डोंगरावर नेऊन ठेवले त्याचे नाव लोकांनी सहज पुसले आणि आपल्या आवडत्या राणीचे लिहिले. विहिरीलाही त्याचे नाव नाही म्हणा. तिला लोक पाण्याचा खजिना म्हणतात. दोन्हीकडे नाव गेलेच. पण एकीकडे माणसे सहलीला जातात आणि दुसरीकडे पाणी येते.

येथपर्यंत लिहून हात थांबवला असता तर लेख सोपा झाला असता: खोली चांगली, उंची वाईट. परंतु यंदा भाद्रपदात आमच्या गावात एक बैठक झाली आणि माझा हा सोपा निवाडा टिकला नाही.

आमच्या गावात सध्या तीन उंच गोष्टी आहेत. मोबाइलचा मनोरा, पाण्याची टाकी आणि मारुतीच्या देवळाचे शिखर. मनोरा परक्याचा, त्याच्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. टाकी माझी लाडकी. तिच्याइतकी सालस उंची मी पाहिलेली नाही. पाणी बारा-पंधरा मीटर वर चढवायचे ते केवळ पुन्हा खाली येण्यासाठी; दर दहा मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो, आणि त्या दाबाने ते गावाच्या टोकाच्या वस्तीपर्यंत पोहोचते. पण टाकीच्या तळाला तीन वर्षांपूर्वी चीर गेली, तेव्हापासून ती अर्धीच भरतात, आणि टोकाच्या वस्तीत, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या वस्तीत, दाब पोहोचत नाही. बैठक मात्र टाकीची नव्हती. ती शिखराची होती. जीर्णोद्धार करून एकवीस फुटांचे शिखर एकावन्न फुटांचे करायचे, म्हणजे शेजारच्या गावापेक्षा ते दहा फूट वर जाईल. आणि वर्गणी दर कोयत्यामागे एक हजार रुपये.

कोयता म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगितले पाहिजे. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. दसऱ्याला कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि आमच्या जिल्ह्यातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पाच-सहा महिने बांबूच्या आणि पाचटाच्या कोपीत राहायचे. कोपीत शिरायचे तर वाकूनच. निघण्यापूर्वी मुकादम जोडीला आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. उचल म्हणजे कर्ज. हंगामभर ऊस तोडून ते फेडायचे, आणि पुष्कळदा न फिटलेले पुढच्या सालावर जाते. आमच्या भाषेचे मला नेहमी नवल वाटते. जे माणसाला खाली दाबते त्यालाच तिने उचल म्हटले आहे.

वर्गणी गोळा करायची ती उचल हातात पडेल त्याच आठवड्यात, असा बेत होता. समितीतले लोक वाईट नाहीत. नंतर पैसा राहत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. मी उठून म्हणालो की तीस फुटांची ही वाढ उचलीवर चढणार आहे, म्हणजे ऊस न तोडलेल्या माणसाच्या डोक्यावर. आधी टाकीची चीर बुजवा, शिखर एकवीस फुटांचेच नीट करा, आणि वर्गणी ज्यांच्या विहिरींना पाणी आहे त्यांच्याकडून घ्या. काही माना हलल्या. मला वाटले, झाले.

तेव्हा टोकाच्या वस्तीतली एक म्हातारी बोलली. तिचे आयुष्य तोडीला जाण्यात गेले. आता तिची सून जाते. ती म्हणाली, "गुरुजी, टाकी पायजेच. हांडे म्याच वाहते. पर टाकीकडं बघून हात जोडले जात नाहीत. आमी सहा म्हयनं परमुलखात ऱ्हातो. परत येताना टॅक्टरात रातभर डोळा लागत नाही. फाटंच्या पारी वळनावर मारुतीचा कळस दिसतो, तवा पोरं वरडतेत, गाव आलं! तुमी गावातच ऱ्हाता, तुमाला कळसाचं काय?"

याला मजजवळ उत्तर नव्हते. शिखरात कोणी राहत नाही हे मी वर लिहिलेच आहे; ते कोणाला दिसते, हा विचार मी केला नव्हता असे नाही, पण तो राजाबाई टॉवरविषयी केला होता, आमच्या मारुतीविषयी नाही. सहा महिने वाकून कोपीत शिरणाऱ्या बाईला मान वर करून पाहण्यासारखे काहीतरी आपले हवे असेल, तर ते तिच्या पैशाचा अपव्यय आहे असे तिला सांगणारा मी कोण? पाणी तिला मीच काय, कोणीही देऊ शकेल. ते तिचे देणेच लागते. पण ती मागत होती ते निराळे होते, आणि ती ते आपल्या पैशाने मागत होती. तिचा पैसा म्हणजे कर्जाचा पैसा, हे माझे म्हणणेही खोटे ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना कापीत नाहीत, ही खरी अडचण.

मग मी मुंबईहून गणपतीला आलेल्या आमच्या गवंड्याकडे पाहिले. तो कोपऱ्यात बसून ऐकत होता. तो म्हणाला, "वळनावरून दिसायला एकावन्न फूट कशाला पायजे? एकवीस फुटाचा दिसतोच की आता बी. बाभळी वाढल्यात म्हून पोरास्नी उशिरा दिसतो. आन् पाया जुना हाय. त्येच्यावर तीस फूट चढवायचं म्हन्लं तर म्या तरी हात लावनार नाही." समितीतल्या एकाने विचारले, "पाया नवा घेतला तर?" "मंग गाभाऱ्यापस्तोर खोलावं लागंल. खर्च दुप्पट." बैठकीत एकदम शांतता झाली. आतापर्यंत वर किती जायचे याचीच चर्चा चालली होती. खाली किती जावे लागेल, हे कोणी काढलेच नव्हते.

त्या दिवशी काही ठरले नाही. म्हातारी म्हणाली की आमच्या माघारी काही ठरवू नका, आणि यावर मात्र सगळ्यांचे एकमत झाले. वळणावरच्या बाभळी छाटायचे ग्रामपंचायतीने कबूल केले आहे. टाकीच्या चिरेसाठी तालुक्याला अर्ज गेला आहे. यंदा आमच्या गावच्या टोळ्या दिवाळी करून निघतील. पुढची बैठक पाडव्यानंतरची धरली आहे. तोवर सगळे कोयते गावात परत आलेले असतील.